नवं अँटिबायोटिक आलं, म्हणजे नेमकं काय आलं? न्यूमोनिया आणि टीबीच्या नव्या औषधांबद्दल पनवेलच्या रुग्णांसाठी

समजा, तुमच्या घरात सासऱ्यांना चार दिवसांपासून ताप आणि खोकला आहे. मेडिकलवाल्याने दिलेली अॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी संपली, पण खोकला गेला नाही. तेवढ्यात कुणीतरी व्हॉट्सअॅपवर बातमी पाठवतं: ‘भारतात नवं अँटिबायोटिक तयार, अॅझिथ्रोमायसिनपेक्षा दहापट प्रभावी, तीन दिवसांत न्यूमोनिया बरा.’ साहजिकच तुमच्या मनात येतं, की हेच औषध का देऊ नये?

पनवेल, कळंबोली, कामोठे किंवा तळोजा भागात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना हा प्रश्न आता सवयीचा झाला आहे. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सोपंही नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत संसर्गजन्य आजारांवरच्या औषधांबद्दल दोन मोठ्या बातम्या आल्या, एक न्यूमोनियाची आणि एक टीबीची. दोन्हींचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे आणि दोन्ही औषधं खोकल्याच्याच रुग्णाला लागणारी आहेत. म्हणून या लेखात दोन्हींचा एकत्र विचार करू.

बातमी काय होती?

नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्लीत केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते नॅफिथ्रोमायसिन या औषधाचं अनावरण झालं. बाजारातलं नाव आहे ‘मिक्नाफ’. वोक्हार्ट या मुंबईच्या कंपनीने ते विकसित केलं आहे. कंपनीचं संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बायरॅक’ या संस्थेने शेवटच्या टप्प्यातील चाचण्यांना आर्थिक मदत केली. या औषधामागे सुमारे १४ वर्षांचं संशोधन आणि ५०० कोटी रुपयांची गुंतवणूक असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं.

हे औषध प्रौढ व्यक्तींना समाजात वावरताना होणाऱ्या जिवाणूजन्य न्यूमोनियासाठी आहे, म्हणजे रुग्णालयात दाखल असताना झालेल्या न्यूमोनियासाठी नाही. मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, तीन दिवस. भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत त्याची तुलना सात दिवस दिल्या जाणाऱ्या मॉक्सिफ्लॉक्सासिन या औषधाशी करण्यात आली. तीन दिवसांचं औषध सात दिवसांच्या औषधाच्या तोडीचं ठरलं, हा या चाचणीचा खरा निष्कर्ष आहे.

‘भारतात शोधलेलं पहिलं अँटिबायोटिक’ असंही अनेक ठिकाणी छापून आलं. हा दावा जरा जपून घ्यायला हवा. पुण्याजवळ पिंपरीत १९५४मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हमायसिन’ हे बुरशीविरोधी औषध सापडलं. ज्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, त्याचं शास्त्रीय नावच ‘पिंपरिना’ असं ठेवलं गेलं. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेल्या एन्मेटाझोबॅक्टम या रेणूवर आधारित इंजेक्शनलाही फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणून ‘पहिलं’ या शब्दापेक्षा ‘नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या न्यूमोनियासाठी भारतात घडवलेलं नवं औषध’ हे वर्णन अधिक बरोबर आहे.

रेणूत नेमकं काय बदललं?

पनवेलहून रसायनी किंवा पाताळगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि इकडे तळोजा एमआयडीसीत, रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आपण रोज पाहतो. रसायनी हे नावच तिथल्या कारखान्यांमुळे सगळ्यांच्या तोंडी बसलं. पण कारखान्यात औषध ‘बनवणं’ आणि प्रयोगशाळेत नवं औषध ‘घडवणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या कामाला औषधरसायनशास्त्र म्हणतात. निसर्गात सापडलेला किंवा प्रयोगशाळेत तयार केलेला एक रेणू घ्यायचा, त्याचा एखादा भाग काढायचा, दुसरा जोडायचा आणि प्रत्येक बदलानंतर पाहायचं, की जंतू मरतो का, औषध पोटात टिकतं का, फुप्फुसापर्यंत पोहोचतं का आणि माणसाला इजा करतं का. हजारो रेणूंतून एखादाच औषध होतो.

नॅफिथ्रोमायसिनच्या घराण्याचा इतिहास पाहिला, की हे काम कसं चालतं ते लगेच कळतं.

एरिथ्रोमायसिन, १९५२. फिलिपिन्समधल्या मातीच्या नमुन्यातून मिळालेल्या जिवाणूपासून हे औषध तयार झालं. जिवाणूच्या पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रणा असते, तिच्या वाटेत हा रेणू अडकून बसतो. प्रथिनं बनणं थांबलं की जिवाणूची वाढ थांबते. अडचण अशी, की जठरातल्या आम्लात हा रेणू स्वतःच मोडतो. त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा घ्यावा लागे आणि पोटात कळा येत.

अॅझिथ्रोमायसिन, १९८०. आजच्या क्रोएशियातील झाग्रेब शहरातल्या रसायनतज्ज्ञांनी रेणूच्या कड्यात नायट्रोजनचा एक अणू बसवला. या बदलामुळे रेणू आम्लात टिकू लागला आणि शरीरात कित्येक दिवस राहू लागला. दिवसातून एक गोळी, तीन ते पाच दिवस, एवढ्यावर काम होऊ लागलं. सोय इतकी झाली, की सर्दी-पडशालाही ही गोळी घेतली जाऊ लागली. सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिथे या गोळीचा काहीही उपयोग नाही.

जंतूचा डाव. इतका वापर झाल्यावर जिवाणूंनी तोड काढली. औषध जिथे चिकटतं, नेमक्या त्याच जागी काही जिवाणू एक छोटासा रासायनिक गट लावून ठेवतात. कुलपाच्या भोकात मेण भरावं तसं. मग किल्ली बसत नाही. काही जिवाणू आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतात.

पुढची पिढी. रसायनतज्ज्ञांनी रेणूवरची एक साखर काढून टाकली, कारण ती साखर जिवाणूंच्या बचावयंत्रणेला जागं करत होती. आणि रेणूला एक लांब शेपूट जोडलं. हे शेपूट यंत्रणेच्या दुसऱ्या एका जागी पकड घेतं. एका जागी मेण भरलं असलं, तरी दुसरीकडून रेणू धरून राहतो. नॅफिथ्रोमायसिन याच विचारातून पुढे आलेलं औषध आहे. शिवाय फुप्फुसाच्या आतल्या द्रवात ते चांगल्या प्रमाणात साठतं, म्हणून तीन दिवस पुरतात.

‘दहापट प्रभावी’ म्हणजे काय?

बातमीतला हा शब्द सगळ्यात जास्त गैरसमज करतो. ‘दहापट’ वाचून वाटतं, की जुन्या औषधाने दहा रुग्ण बरे होत असतील तर नव्याने शंभर होतील. असा अर्थ होत नाही. साध्या न्यूमोनियाच्या, योग्य औषध वेळेवर मिळालेल्या शंभरातल्या बहुतेक रुग्णांना आजही बरं वाटतं. त्याच्या दहापट काही असूच शकत नाही.

असे आकडे बहुधा प्रयोगशाळेतले असतात. काचेच्या बशीत जिवाणूंची वाढ थांबवायला किती औषध लागतं, ते मोजलं जातं. दहा थेंबांऐवजी एक थेंब पुरला, तर औषध ‘दहापट जोरकस’ म्हणतात. ही माहिती महत्त्वाची आहे, विशेषतः जिवाणू जुन्या औषधाला दाद देत नसेल तेव्हा. पण तुमच्या वडिलांचा न्यूमोनिया नेहमीच्या औषधाला दाद देणाऱ्या जिवाणूमुळे झाला असेल, तर नवं औषध त्यांना जुन्यापेक्षा जास्त बरं करेलच असं नाही.

म्हणून औषधाची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा.

- तुलना कशाशी केली? गोड गोळीशी, जुन्या औषधाशी, की आजच्या सर्वोत्तम उपचाराशी?
- मोजलं काय? बशीतले जंतू, की बरी झालेली माणसं?
- चाचणीत कोण होतं? तुमच्या घरातला रुग्ण मधुमेही, मूत्रपिंडाच्या आजाराचा किंवा ऐंशी वर्षांचा असेल, तर त्याच्यासारखे लोक त्या चाचणीत होते का?

नवं म्हणजे अधिक सुरक्षित, असं नसतं

याच घराण्यातलं टेलिथ्रोमायसिन हे औषध युरोपात २००१मध्ये आणि अमेरिकेत २००४मध्ये आलं. जंतूंच्या डावावर मात करणारं म्हणून त्याचं स्वागत झालं. नंतर काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याचं दिसलं. ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ या स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांत श्वास अडकण्याचा धोका दिसला. २००७मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने सायनस आणि ब्रॉन्कायटिससाठीचा त्याचा वापर बंद केला, फक्त न्यूमोनियापुरता ठेवला. पुढे याच कुळातल्या सोलिथ्रोमायसिनलाही यकृताच्या शंकेमुळे तिथे मान्यता मिळाली नाही.

याचा अर्थ नॅफिथ्रोमायसिन धोकादायक आहे, असा मुळीच नाही. त्याचा रेणू वेगळा आहे आणि चाचण्यांत ते रुग्णांना चांगलं सोसलं. मुद्दा इतकाच, की विरळ दुष्परिणाम चाचणीत दिसतोच असं नाही. एक साधा हिशेब लक्षात ठेवा. ५०० जणांना औषध दिलं आणि एकालाही गंभीर इजा झाली नाही, तरी खरा धोका हजारात सहापर्यंत असू शकतो. तो दिसायला हजारो लोकांनी औषध घ्यावं लागतं. म्हणून औषध बाजारात आल्यावर पहिली काही वर्षं डॉक्टर हात आखडता ठेवतात. तुमच्या डॉक्टरांनी नवं औषध न लिहिता जुनं लिहिलं, तर ते मागासलेले आहेत असं समजू नका. अनेकदा तो अनुभवातून आलेला सावधपणा असतो.

दुसरी बातमी: टीबीचा उपचार सहा महिन्यांवर

आता टीबीकडे येऊ. नेहमीच्या टीबीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या टीबीला एमडीआर टीबी म्हणतात. मुंबई आणि आसपासच्या दाट वस्तीत हा प्रश्न जुना आहे. जानेवारी २०१२मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या चार रुग्णांची बातमी जगभर गाजली. तपासलेल्या कुठल्याच औषधाला त्यांचा टीबी दाद देत नव्हता. त्या काळी अशा रुग्णांना दीड-दोन वर्षं औषधं घ्यावी लागत. त्यात महिनोन्महिने रोज इंजेक्शन असे आणि त्या इंजेक्शनाने अनेकांची श्रवणशक्ती गेली.

हे चित्र बदललं ते बेडाक्विलिन या रेणूमुळे. बेल्जियममधल्या संशोधकांनी हजारो रेणू तपासून तो शोधला. टीबीच्या जंतूची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच तो बंद पाडतो. तोवर टीबीचं एकही औषध या जागी काम करत नव्हतं, त्यामुळे जुन्या औषधांना सरावलेला जंतूही त्याला बळी पडतो. डिसेंबर २०१२मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जवळजवळ चाळीस वर्षांत आलेलं टीबीचं ते पहिलं नव्या प्रकारचं औषध होतं. भारतात २०१६पासून ते मोजक्या केंद्रांतून मिळू लागलं.

मग प्रश्न आला किमतीचा. मूळ रेणूचं पेटंट जुलै २०२३मध्ये संपणार होतं. पण कंपनीने त्याच रेणूच्या क्षाररूपासाठी, म्हणजे गोळीत ज्या स्वरूपात तो घालतात त्यासाठी, वेगळं पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी त्याला हरकत घेतली. दोघीही टीबीतून बऱ्या झालेल्या, आणि दोघींचीही श्रवणशक्ती उपचारात गेलेली. मार्च २०२३मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. माहीत असलेल्या रेणूचं नवं क्षाररूप म्हणजे नवा शोध नाही, हा विचार आपल्या पेटंट कायद्यात आहे. त्यामुळे भारतीय कंपन्यांना स्वस्त जेनेरिक गोळ्या बनवण्याची वाट मोकळी झाली.

त्यानंतर ६ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एमडीआर टीबीसाठी ‘बीपाल-एम’ या उपचाराला मंजुरी दिली. त्यात चार औषधं आहेत: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. सगळी तोंडाने घ्यायची, इंजेक्शन नाही, कालावधी सहा महिने. अनेक देशांत झालेल्या चाचणीत या उपचाराने शंभरात ८९ जणांना चांगला परिणाम मिळाला. जुन्या लांबलचक उपचारात हे प्रमाण ५२ होतं. इथे मोजलेली गोष्ट बशीतले जंतू नव्हती, माणसं होती. म्हणून ही बातमी खरोखर मोठी आहे.

अर्थात हा उपचार सगळ्यांना सारखा लागू नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि काही विशिष्ट प्रकारच्या टीबीसाठी वेगळी योजना असते. लिनेझोलिडने रक्त कमी होऊ शकतं, पायांना मुंग्या येऊ शकतात, दृष्टी धूसर होऊ शकते. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनमुळे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजी काढतात. असं काही जाणवलं तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका. त्याच दिवशी केंद्रावर सांगा. मात्रा बदलता येते.

खोकल्याच्या औषधाचा आणि टीबीचा गुंता

आता दोन्ही बातम्या एकत्र ठेवून पाहा. न्यूमोनियाच्या चाचणीत तुलनेसाठी वापरलेलं मॉक्सिफ्लॉक्सासिन हेच एमडीआर टीबीच्या चार औषधांपैकी एक आहे. त्याच कुळातलं लिव्होफ्लॉक्सासिन आपल्याकडे साध्या खोकल्यालाही सर्रास दिलं जातं, अनेकदा चिठ्ठीशिवाय.

यात दोन धोके आहेत. पहिला असा, की ही औषधं टीबीच्या जंतूवर काम करतात. टीबी असलेल्या माणसाने ती आठवडाभर घेतली तर खोकला थोडा कमी होतो, ताप उतरतो, घरच्यांना वाटतं बरं झालं. थुंकीच्या तपासणीतही जंतू कमी दिसू शकतात. निदान लांबतं आणि तोवर घरातल्या मुलांना, वृद्धांना लागण होत राहते. दुसरा धोका त्याहून मोठा. एकट्या औषधाचा मारा झाल्यावर त्याला सरावलेले जंतू मागे उरतात. पुढे खरंच एमडीआर टीबी निघाला, तर चारपैकी एक औषध आधीच वाया गेलेलं असतं.

नॅफिथ्रोमायसिनचं घराणं इथे वेगळं आहे. टीबीचा जंतू या कुळातल्या औषधांना मुळातच दाद देत नाही. त्यामुळे टीबी झाकला जाण्याची भीती कमी. पण त्याची दुसरी बाजू अशी, की नवं औषध घेऊनही खोकला गेला नाही, तर ‘औषध खोटं निघालं’ म्हणून तिसऱ्या गोळीकडे वळू नका. तपासणी राहिली आहे, असा त्याचा अर्थ घ्या. लेखाच्या सुरुवातीला ज्या सासऱ्यांची गोष्ट होती, त्यांना आधी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी लागेल. नव्या गोळीचा विचार त्यानंतर.

नेऱ्याच्या शांतिवनाची आठवण

पनवेलजवळ नेरे इथलं शांतिवन जुन्या पनवेलकरांना ठाऊक आहे. कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं हे काम. ज्या पिढीला तिथे यावं लागलं, तिच्यासमोर औषधांचा पर्याय फार थोडा होता. १९४०च्या दशकात डॅप्सोन हे औषध वापरात आलं, तेव्हा मोठा आनंद झाला. पण पुढे अनेक वर्षं ते एकट्यानेच दिलं गेलं आणि कुष्ठरोगाचा जंतू त्याला सरावला. १९८०च्या दशकात डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफॅझिमिन अशी औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, तेव्हा आजार खऱ्या अर्थाने आटोक्यात येऊ लागला. आज कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभराच्या मोफत उपचाराने बरा होतो.

यातल्या क्लोफॅझिमिनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या रसायनतज्ज्ञांनी १९५०च्या दशकात ते टीबीसाठी तयार केलं होतं. टीबीत तेव्हा त्याचा फारसा उपयोग दिसला नाही, पण कुष्ठरोगात झाला. आणि आता, कित्येक दशकांनंतर, एमडीआर टीबीच्या काही उपचारांत ते पुन्हा वापरलं जातं. चांगला रेणू वाया जात नाही, त्याची वेळ येते. पण चांगला रेणू एकट्याने आणि अर्धवट वापरला, तर तो जंतूंना शिकवून जातो. शांतिवनच्या जुन्या पिढीने या धड्याची किंमत मोजली आहे.

नवी औषधं इतकी कमी का येतात?

तुम्हाला वाटेल, जंतू सरावला तर सरावला, आणखी नवं औषध येईल. इथे खरी चिंता आहे. रक्तदाबाची गोळी माणूस वीस वर्षं घेतो. अँटिबायोटिक तीन किंवा सात दिवस. शिवाय नवं अँटिबायोटिक जपून, राखून वापरावं, असंच आम्ही डॉक्टर सांगतो. म्हणजे चौदा वर्षं खर्चून घडवलेलं औषध कंपनीने कमी विकावं, अशी समाजाची अपेक्षा असते. या हिशेबात अनेक मोठ्या कंपन्यांनी हे संशोधन सोडून दिलं. अमेरिकेत अॅकेओजेन या कंपनीने २०१८मध्ये एका नव्या अँटिबायोटिकला मान्यता मिळवली आणि पुढच्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली. औषध चांगलं होतं, पण धंदा झाला नाही.

म्हणूनच नॅफिथ्रोमायसिनसारख्या औषधामागे सरकारी पैसा उभा राहणं आणि बेडाक्विलिनसारखं औषध परवडेल अशी कायद्याने सोय होणं, या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एकीने नवा रेणू जन्माला येतो, दुसरीने तो गरिबाच्या घरी पोहोचतो. तिसरी गोष्ट आपल्या हातात आहे: तो रेणू टिकवणं. मेडिकलच्या काउंटरवर खोकल्यासाठी मागितलेली प्रत्येक अनावश्यक गोळी त्याचं आयुष्य थोडं कमी करते.

तुम्ही काय करायचं?

- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं किंवा थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर थुंकीची रेणवीय तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रांवर ती मोफत आहे. ‘ट्रूनॅट’ हे तपासणीयंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे. या तपासणीत टीबी आहे का, आणि रिफॅम्पिसिनला दाद देईल का, हे दोन्ही कळतं.
- पुढील लक्षणं असतील तर थांबू नका, रुग्णालय गाठा: श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त, बोलताना धाप, ओठ निळसर, ऑक्सिजन ९४च्या खाली, असंबद्ध बोलणं, लघवी फार कमी होणं. वृद्धांना न्यूमोनियात ताप नसूही शकतो, नुसतं गळून जाणं आणि गोंधळणं एवढंच दिसतं.
- पट्टीवर लाल उभी रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. काही अँटिबायोटिक आणि टीबीची औषधं ‘एच-वन’ यादीत आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षं ठेवायची असते. चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला तुमचं भलंच करतो आहे.
- डॉक्टरांना हे जरूर सांगा: गेल्या तीन महिन्यांत कोणती अँटिबायोटिक घेतली, हृदयाचा किंवा यकृताचा आजार आहे का, कोलेस्टेरॉल, हृदयाचे ठोके किंवा फिट्स यांसाठी गोळ्या चालू आहेत का, घरात कुणाला टीबी झाला होता का. रिकाम्या पट्ट्या सोबत न्या.
- ‘मला नवंच औषध द्या’ असा आग्रह धरू नका. त्याऐवजी विचारा: ‘डॉक्टर, हे जिवाणूमुळेच आहे असं का वाटतं? तपासणी लागेल का? किती दिवसांत फरक पडायला हवा?’ साधारण ४८ ते ७२ तासांत फरक नसेल तर पुन्हा दाखवा.
- ठरलेला कालावधी पाळा. तीन दिवसांचं औषध तीनच दिवस, सहा महिन्यांचं सहा महिने. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.
- टीबीचं निदान झालं तर नि-क्षय पोर्टलवर नोंद झाली आहे का, ते विचारा. उपचार खासगी दवाखान्यात चालू असला तरी नोंद होते. पोषणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १००० रुपये झाली आहे आणि ती थेट खात्यात जमा होते. माहितीसाठी मोफत क्रमांक १८००-११-६६६६.
- लस विसरू नका. साठीच्या पुढचे, मधुमेही, दमेकरी आणि हृदयरोगी यांनी फ्लू आणि न्यूमोकोकल लशीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. जो न्यूमोनिया झालाच नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही.

थोडक्यात

नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियासाठी उपयुक्त ठरू शकणारं, महाराष्ट्रात घडलेलं औषध आहे. त्याचं खरं बळ नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर आणि तीन दिवसांच्या छोट्या उपचारात आहे. सर्दी, विषाणूचा ताप किंवा कारण न कळलेला खोकला यांसाठी ते नाही. टीबीचा सहा महिन्यांचा उपचार हा एमडीआर रुग्णांसाठी खरा दिलासा आहे, पण त्यातली औषधं साध्या खोकल्यावर उधळली तर हा दिलासा टिकणार नाही.

व्हॉट्सअॅपवर पुढची बातमी येईल तेव्हा ती डॉक्टरांना जरूर दाखवा, त्यावर बोला. पण गोळी घेण्याआधी खोकल्याचं कारण शोधा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतंही औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)